साक्ष आणि उलटतपासणी : मराठी ईशज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्याचे संशोधनलेखन

मराठी ख्रिस्ती मंडळींत 'साक्ष देणे' हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. उपासनेत कुणी उभा राहतो, देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो, ऐकणारे 'आमेन' म्हणतात आणि साक्ष पूर्ण होते. हाच शब्द कोर्टातही आहे. तिथे मात्र साक्षीनंतर उलटतपासणी असते. तू तिथे हजर होतास का, स्वतः पाहिलेस की कुणाकडून ऐकलेस, आधीच्या जबाबात वेगळे का सांगितलेस, असे प्रश्न येतात. त्यांना पुरून उरलेल्या साक्षीलाच वजन प्राप्त होते. सेमिनरीत नव्याने दाखल होणारा विद्यार्थी बहुधा पहिल्या प्रकारची साक्ष घेऊन येतो. तीच साक्ष उलटतपासणीला सामोरी कशी जाईल, हे त्याने तिथल्या वर्षांत शिकावे अशी अपेक्षा असते. संशोधनलेखन म्हणतात ते एवढेच. परंतु हे शिक्षण आपल्याकडे फार तोकडे पडते. ते का, आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

या विचारासाठी नागपूर ही योग्य जागा आहे. शहरातल्या सेमिनरी हिल्स या वस्तीने नावच सेंट चार्ल्स सेमिनरीवरून घेतले आहे. प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची राष्ट्रीय परिषद, एनसीसीआय, हिचे मुख्य कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून तीस वर्षे यवतमाळला होती. शहरातले जुने कॉलेज स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने चालते. एवढा पसारा असूनही या विद्येला मराठीत एक नाव ठरलेले नाही. कुणी ईशज्ञान म्हणतो, कुणी ईश्वरविज्ञान, कुणी सरळ थिऑलॉजी. 'धर्मशास्त्र' म्हणावे तर मराठी वाचकाला मनू आणि याज्ञवल्क्य आठवतात. ज्या विद्येचे नाव स्थिर नाही, तिची लिहिण्याची रीत तरी कशी स्थिर होणार?

प्रवचन आणि प्रबंध

विद्यार्थ्याला लिहिता येत नाही, ही नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. त्याला एक प्रकार उत्तम येतो. प्रवचन त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. एक शास्त्रवचन, तीन मुद्दे, एखादा दृष्टान्त आणि शेवटी आवाहन, हा साचा त्याच्या कानात बसलेला असतो. प्रवचनाचा शेवट आधीच ठरलेला असतो आणि तो तसा असणे योग्यच आहे, कारण श्रोता तिथे धीर घ्यायला येतो. प्रबंधाची गोष्ट वेगळी. लिहिणाऱ्याला सुरुवातीला उत्तर ठाऊक नसते, निदान ते पक्के नसते. हा फरक न सांगता विद्यार्थ्याला 'दहा पाने लिहून आणा' म्हटले, की तो दहा पानांचे प्रवचन आणतो. विषय असतो 'प्रार्थनेचे महत्त्व'. पानोपानी वचनांची माळ असते. विशेषणे भरपूर असतात. शंका एकही नसते.

दुसरी तक्रार नकलेची. ग्रंथातली, आणि आता मोबाइलवरची, पानेच्या पाने उतरवली जातात. शिक्षक याला चोरी म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. ही सवय कुठून येते हे मात्र पाहिले जात नाही. भजन, कीर्तन, प्रवचन यांच्या परंपरेत थोरांचे शब्द जसेच्या तसे म्हणणे हा आदर समजला जातो. ज्याचे पाठांतर चांगले तो चांगला विद्यार्थी, हे शाळेतही दहा वर्षे शिकवलेले असते. अशा विद्यार्थ्याला 'चोरी करू नकोस' म्हणून काही उमगत नाही. मात्र याच परंपरेत नाममुद्राही आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो आणि बोलणे कुणाचे ते सांगून टाकतो. तुकोबांची मुद्रा लावून इतरांनी रचलेले अभंग गाथेत शिरले, तेव्हा ते निवडून काढताना अभ्यासकांची किती दमछाक झाली हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तळटीप म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांना त्याची नाममुद्रा परत करणे, असे सांगितले तर विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या मुलालाही ते लगेच कळते. इंग्रजी मार्गदर्शिकेतले स्वल्पविराम कुठे द्यायचे, ते नंतर शिकवता येते.

वरच्या पदव्यांचा कारभार बहुतांशी इंग्रजीतून चालतो, आणि संशोधनलेखनाच्या मार्गदर्शिकाही त्याच भाषेतून येतात. त्यांतले नियम चुकीचे नाहीत. त्यांतली उदाहरणे परकी आहेत. उदाहरण परके असले की नियम हा शिष्टाचार वाटतो, त्यामागची गरज दिसत नाही. म्हणून ज्या मराठी साहित्यावर ही उलटतपासणी शिकता येईल, त्यातली काही उदाहरणे इथे तपासून पाहू.

रेल्वेचा डबा

पहिले उदाहरण नागपूरचेच. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटला, बोलणे झाले, त्याने नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकिगत मराठी ख्रिस्ती घरांत सर्वपरिचित आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. प्रवचनात ही गोष्ट सांगून पुढे जाता येते. प्रबंधात तिथेच थांबावे लागते. डब्यात कोण कोण होते? भाकीत ऐकले कुणी? ते प्रथम कागदावर केव्हा आले, बाप्तिस्म्याच्या आधी की नंतर? फळ दिसल्यावर सांगितलेले भाकीत नेहमीच नेमके असते, कारण सांगणाऱ्याची आठवण फळाच्या मापाने घडत जाते. यात लबाडी नसते. स्मरणाचा स्वभावच तसा आहे.

या प्रसंगासाठी विद्यार्थ्याने तीन गोष्टी समोर ठेवाव्यात. टिळकांचे स्वतःचे लेखन, विन्स्लो यांचे १९२३ मधले इंग्रजी चरित्र आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे'. विन्स्लो यांचे पुस्तक टिळकांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, बाहेरच्या वाचकाला कवीची ओळख करून देण्यासाठी लिहिलेले आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, म्हणजे घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. लक्ष्मीबाई त्या डब्यात नव्हत्या. म्हणून डब्यातल्या संवादासाठी त्यांचा आधार दुय्यम ठरतो. पण बाप्तिस्म्यानंतर दुभंगलेल्या संसाराच्या, नातेवाइकांच्या रागाच्या आणि सोवळ्याशी झालेल्या झगड्याच्या बाबतीत त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. एकच पुस्तक एका प्रश्नाला दुय्यम आणि दुसऱ्या प्रश्नाला प्रथम दर्जाचे साधन ठरते, हा धडा या एका उदाहरणातून मिळतो. साधनांचे वर्गीकरण पाठ करून तो मिळत नाही.

बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'लाही हाच न्याय लावावा लागेल. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४चा, आत्मचरित्र १८८८चे. मधल्या चौतीस वर्षांत ते लेखक, संपादक, वादपटू झाले होते. त्यांचे पूर्वायुष्य त्यांनी ज्या क्रमाने मांडले आहे, तो क्रम जगतानाचा की लिहितानाचा, हा प्रश्न त्या पुस्तकाची किंमत कमी करत नाही. उलट त्यामुळेच ते दोन काळांचा पुरावा ठरते.

रिद्धपूरची पोथी

नव्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाते ते शुभवर्तमानांमधले पाठभेद पाहणे. मत्तय, मार्क आणि लूक एकच प्रसंग वेगवेगळ्या शब्दांत, कधी वेगळ्या क्रमाने सांगतात. तीन रकाने आखून ते शेजारी शेजारी लिहा म्हटले, की कुणाला तो पवित्र शास्त्राचा अवमान वाटतो. अशा वेळी विदर्भातल्या शिक्षकाने आपल्या अंगणातल्या ग्रंथाकडे बोट दाखवावे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. या पाठांत जिथे सांगणाऱ्यांचे एकमत नव्हते, तिथे अमक्याची 'वासना' अशी असे म्हणून भेद नोंदवून ठेवले गेले. गुरूवरच्या श्रद्धेत तसूभर उणीव नसलेल्या माणसांनी हे केले आहे. भेद पुसून एकच गुळगुळीत पाठ करणे त्यांना सोपे होते. त्यांनी तो मोह टाळला.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ईशज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्यातली पाच-दहा पाने पाठभेदांसह वाचावीत आणि मग तीन शुभवर्तमानांकडे यावे. दोन परंपरांचे दावे सारखे आहेत असे यातून सुचवायचे नाही. तुलना फक्त एका मुद्द्यापुरती आहे. साक्षीदार अनेक असतील तर भेद असणारच, आणि ते नोंदवणे हा साक्षीचा मान राखण्याचा मार्ग आहे. लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी नेमके हेच सांगितले आहे. आपल्या आधी अनेकांनी लिहिले, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून माहिती आली, आपण सर्व मुळापासून तपासले आणि क्रमवार लिहीत आहोत, असा त्याचा आशय आहे. पूर्वलेखन, साधने, पद्धत आणि मांडणी, चारही गोष्टी त्यात आल्या. संशोधनाने श्रद्धा ढळेल अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी आधी लूकला उत्तर द्यावे.

कोण गातो, कोण लिहितो

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. धर्मप्रसाराइतकेच त्यांचे लक्ष दगड, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या भाषेकडे होते. १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे गोंडी गीत आहे. हे पुस्तक मी मराठी ख्रिस्ती संशोधनाच्या आरंभाचे मानतो, आणि तितकेच ते सावधपणे वाचायचे पुस्तक मानतो. गाणारा परधान, लिहून घेणारा मिशनरी, भाषांतर, आणि शेवटी संपादन करणारा अधिकारी, इतक्या हातांतून ते गीत आपल्यापर्यंत आले आहे. प्रत्येक हाताची आपली गरज होती. गाणाऱ्याला परंपरा टिकवायची होती, मिशनऱ्याला धर्मकल्पना समजून घ्यायच्या होत्या, अधिकाऱ्याला प्रजेची ओळख हवी होती. ज्या विद्यार्थ्याला हे थर वेगळे करता आले, त्याला पंचग्रंथातले थर समजावून सांगायला जर्मन पंडितांची नावे घ्यावी लागत नाहीत.

पूर्वपक्षाचा न्याय

आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत दुसरी बाजू बहुधा नसतेच, आणि असली तर ती पाडण्यासाठी उभी केलेली कागदी बाहुली असते. वास्तविक पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्ताला अधिकार नाही, ही भारतीय शास्त्रपरंपरेची जुनी अट आहे. या अटीचा सर्वांत विलक्षण मराठी धनी म्हणजे काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षे'ला उत्तर म्हणून त्यांनी १८४४च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहम्या झाले. १८६० मध्ये त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून दर्शनांचेच खंडन केले. एकाच माणसाने वादाच्या दोन्ही बाजू पूर्ण ताकदीने लिहिल्याचे असे उदाहरण दुर्मिळ आहे.

'षड्दर्शनदर्पणा'त वेदान्ताला न्याय मिळाला का? माझ्या मते पुरता मिळाला नाही. तर्काच्या चिमटीत न सापडणारा अनुभवाचा भाग गोऱ्हे बाजूला ठेवतात. पण त्यांनी प्रतिपक्ष त्याच्याच ग्रंथांतून, त्याच्याच परिभाषेत वाचला होता. आज एखादा विद्यार्थी 'वारकरी संप्रदाय आणि ख्रिस्ती भक्ती' असा विषय घेतो आणि ज्ञानेश्वरीचा एकही अध्याय न वाचता निष्कर्ष काढतो. त्याने आधी गोऱ्ह्यांची ही शिस्त घ्यावी. प्रतिपक्षाने वाचून 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे म्हणावे, इतका पूर्वपक्ष प्रामाणिक हवा.

'तारण' म्हणजे काय?

भाषांतर ही संशोधनाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कडक शाळा आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने पूर्ण प्रसिद्ध झाले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या बाईंनी खेड्यातल्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा सोप्या मराठीचा आग्रह धरला. प्रत्येक मोठ्या शब्दापाशी त्या थांबल्या. आपला विद्यार्थी मात्र हे शब्द तयार नाण्यांसारखे वापरतो.

'तारण' हाच शब्द घ्या. मंडळीत त्याचा अर्थ मुक्ती, उद्धार. पतपेढीत त्याचा अर्थ कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. कापूस, सोने किंवा सातबारा तारण ठेवणाऱ्या घरातला मुलगा रविवारी तोच शब्द उपासनेत ऐकतो. तरून जाणे आणि गहाण सोडवणे या दोन कल्पना त्याच्या मनात एकमेकींशी काय करतात? बायबलमध्ये खंडणी भरून सोडवण्याची प्रतिमा आहेच. मग तिच्यासाठी कोणता मराठी शब्द घ्यावा, रमाबाईंनी कोणता घेतला, बायबल सोसायटीच्या आवृत्तीत कोणता आहे, स्टीफन्सच्या १६१६ मधल्या 'ख्रिस्तपुराणा'त काय आहे? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलेल असा हा विषय आहे. पंधरा उतारे, तीन-चार भाषांतरे, एक कोश आणि गावातल्या चार माणसांना विचारलेला अर्थ. 'तारणाचे महत्त्व' या विषयावर हजारो पाने लिहिली गेली असतील. 'तारण' या शब्दावर दहा पाने लिहिणारा विद्यार्थी खरे काही शोधून काढील.

विषय लहान करणे म्हणतात ते हे. प्रश्नात एक काळ, एक साधन आणि एक शब्द किंवा घटना असावी. नोंद करताना दुसऱ्याचे शब्द एका शाईने आणि आपले विचार दुसऱ्या शाईने लिहावेत, प्रत्येक नोंदीवर पृष्ठांक आणि आवृत्तीचे वर्ष टाकावे. पहिला खर्डा मराठीत करावा. ज्या भाषेत शंका येते त्याच भाषेत ती प्रथम लिहिली तर धार राहते. इंग्रजी नंतर करता येते.

अनुभव हा पुरावा केव्हा होतो?

आता सर्वांत नाजूक मुद्दा. विदर्भ-मराठवाड्यातले अनेक ख्रिस्ती विद्यार्थी दलित घरांतून येतात. त्यांच्या लेखनात 'हा आमचा अनुभव आहे' हे वाक्य येते आणि वाद तिथे संपतो. समोरच्याने पुढे विचारणे असभ्य ठरते. महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मल हे दलित ईशज्ञानाचे आद्य प्रवर्तक. १९८१ मधल्या बंगळूरच्या भाषणापासून त्यांनी ही मांडणी सुरू केली. वेदना हीच ज्ञानाची सुरुवात, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांचा दाखला देऊन अनुभवाला उलटतपासणीतून सूट मागितली जाते. निर्मल यांनी स्वतः मात्र ती घेतली नाही. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली इस्राएलाची कबुली घेऊन त्यांनी भटक्या पूर्वजापासून सुटकेपर्यंतची एकेक पायरी दलित इतिहासाशी ताडून पाहिली. त्यांच्या मांडणीशी मतभेद होऊ शकतो. दलित धर्मांतरितांमधल्या स्त्रियांचा आवाज तिथे क्षीण आहे, आणि चौदा ऑक्टोबर १९५६ला याच नागपुरात झालेल्या दुसऱ्या निर्गमनाशी पुरता संवाद नाही, असे मला वाटते. पण असा मतभेद शक्य होतो, कारण त्यांनी आपल्या पायऱ्या उघड्या ठेवल्या. अनुभव पायऱ्यांनी मांडला की तो पुरावा होतो. नुसता उच्चारला की ती घोषणा राहते.

यात केवळ गुणांचा प्रश्न नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. एकाच घरातला बौद्ध भाऊ आत आणि ख्रिस्ती भाऊ बाहेर, अशी स्थिती त्यातून होते. न्यायालये आणि आयोग विचारतात की धर्मांतरानंतरही जातीचा जाच उरतो याचा पुरावा काय. कुठल्या गावात दफनभूमी वेगळी आहे, कुठल्या मंडळीत बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, लग्ने कुठे होतात, हे तारखा आणि नोंदींसह लिहिणारा माणूस गावात एकच असू शकतो, तिथला पाळक. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या जुन्या नोंदवह्या त्याच्याच कपाटात असतात. खेड्यातल्या पाळकाला संशोधन कशाला हवे, असे विचारणाऱ्यांनी हे कपाट आठवावे. त्याला ते वाचता आणि लिहिता आले नाही, तर वाळवी वाचील.

मराठी ख्रिस्ती गद्याने एके काळी मराठीला 'यमुनापर्यटन' दिले, 'ज्ञानोदय' दिला, 'स्मृतिचित्रे' दिली. आज त्यातले बरेचसे प्रवचन, पत्रक आणि श्रद्धांजली यांवर येऊन थांबले आहे. सेमिनऱ्यांनी पहिल्या वर्षी एक छोटी गोष्ट करून पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या मंडळीची एक नोंदवही, एक थडग्यावरचा लेख किंवा एका वृद्धेची साक्ष घ्यावी, ती कुणी, केव्हा, कशासाठी लिहिली किंवा सांगितली हे तपासावे आणि मराठीत आठ पाने लिहावीत. शेवटच्या पानावर आपल्याला काय ठरवता आले नाही तेही लिहावे. त्या शेवटच्या पानाला सर्वांत जास्त गुण द्यावेत.